सपाट

ऑगस्टात बोट विकली, आणि पुढच्याच सोमवारी
मर्डो मागच्या अंगणात उभा, हातात खुंट्या नि सुतळी.
एकतीस वर्षं तिथं साचलं होतं ते सगळं समुद्राचं:
जाळ्यांची वेटोळी, चिरलेले नारिंगी फ्लोट,
शेडच्या कडेला ताडपत्रीखाली ते इंजिन,
जे पुढच्या हिवाळ्यात दुरुस्त होणार होतं. दर हिवाळ्यात.
"हिरवळ करतो," म्हणाला.
मी म्हटलं, "कर."
दहा दिवस घरी, वीस दिवस पाण्यावर
असा ज्यांचा संसार झाला
त्यांना लांब वाक्यांची सवय राहत नाही.

बकीतले सगळे सांगत होते, वसंतापर्यंत थांब.
तो म्हणाला, माती अजून ऊब धरून आहे.
हवामानावरून त्याच्याशी वाद घालेल
असं गावात आता कोणी उरलं नाही.

खणताना दगड. बादल्या भरल्या, तरी दगड.
एक काटा, निळ्या बाटलीची काच,
आणि ऐल्साची लाल चप्पल. एकच.
ती कुठल्या उन्हाळ्यात हरवली, किती रडली,
दुसरी मी किती महिने जपून ठेवली,
हे मला माहीत. त्याला कुठून असणार?
त्यानं ती नळाखाली धुतली,
खिडकीत उन्हाला ठेवली,
आणि परत फावडं उचललं.
मी बटाटे सोलत राहिले.

मग सपाटी. फळी ओढायची, लेव्हल ठेवायची,
गुडघे टेकून नळीतला बुडबुडा बघायचा.
बुडबुडा जरा डावीकडे. पुन्हा फळी.
बुडबुडा जरा उजवीकडे.
जेवायला हाक मारली की म्हणे, आलो,
आणि अंधार पडेपर्यंत येत नसे.

तुडवायला मात्र त्यानं मला बोलावलं.
टाचांवर भार देऊन, इवली इवली पावलं टाकत,
कुंपणापासून कुंपणापर्यंत, शेजारी शेजारी.
त्याची चाल अजून झुलती, माझी दुखऱ्या कमरेची;
तोल जायला लागला तसा मी त्याचा कोपर धरला.
वरच्या खिडकीतून मिसेस गेडीस ओरडल्या,
"लग्नात एवढं नाचला नव्हतात गं!"
खरंच होतं.
तिसऱ्या गाण्याला भरतीची वेळ झाली होती.

बी त्यानं दोन वाटण्या करून फेकलं,
अर्धं उभ्यानं, अर्धं आडव्यानं,
वारा पडलेला बघून, पहाटे.
वर पसरली जुनी जाळी.
जिच्यात हॅडॉक तडफडले
तिच्यावर आता चिमण्या येऊन बसत
आणि खाली वाकून बघत.

आठ दिवस काही नाही.
अकरा दिवस काही नाही.
समुद्रावरून धुकं आलं, इथं त्याला हार म्हणतात,
तीन दिवस अंगणात बसून राहिलं.
मर्डो माझ्याशी बोलेना, मातीशीही बोलेना.

पंधराव्या दिवशी सहा वाजता हाक ऐकू आली.
बघते तर हा पालथा पडलेला,
गाल मातीला लावून, पायजमा चिखलात.
मी दारातून म्हटलं, काहीच तर दिसत नाही.
"उभ्यानं दिसत नाही. खाली ये."
वय विसरून मी आडवी झाले, ओल पोटाला लागली.
आणि तिथून, डोळ्यांच्या पातळीवरून,
केसाएवढी, एकेका थेंबाच्या ओझ्यानं वाकलेली,
कुंपणापर्यंत सगळी हिरवी.
उठून बघितलं. पुन्हा काळी माती.
पुन्हा झोपून बघितलं.

सगळी, म्हणजे शेडजवळचा तुकडा सोडून.
इंजिनाखाली डिझेल मुरलं होतं तिथं.
माती काढली, नवी भरली, तीनदा बी टाकलं.
तीनदा पिवळं पडून गेलं.
चौथ्यांदा तो पिशवी घेऊन निघाला
तेव्हा मी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली
आणि नेमकी तिथं ठेवली.

तो थांबला. खुर्चीकडे बघितलं.
आत गेला.
वाटलं, रागावला.
लेव्हल घेऊन आला बाहेर,
खुर्चीच्या बैठकीवर ठेवली,
बुडबुडा बघून मागच्या पायाखाली एक चपटा दगड सारला.

"बस आता," म्हणाला.