पाणी प्यायला जाऊ का

विनिपेग. बाहेर उणे एकतीस.
लेतेब्रहाननं कागद वाटले,
दहा ओळी तिग्रिन्यात, खाली एक प्रश्न.
म्हणाली, वीस मिनिटं. सकारण लिहा.

आम्ही बावीस जण, उद्याचे मास्तर.
अक्षरं दोन-दोन पायांवर उभी,
एकही हात पुढे करत नव्हतं.

ओलेनानं शेजारणीचं चोरून पाहिलं,
तिचाही कोरा.
मी तारीख घातली. समास आखला.
नाव गिरवलं, परत गिरवलं.
आणि कॅलम फ्रीसन,
ज्याचा हात नेहमी सगळ्यांआधी वर,
उठून म्हणाला,
पाणी प्यायला जाऊ का?

नळाशी तो बराच वेळ होता.
त्यानंच मागल्या आठवड्यात
सहावीतल्या होदनच्या शेऱ्यात लिहिलेलं:
तासाला सारखी बाहेर. लक्ष नाही.

परतला तेव्हा फळ्यावर किटली होती,
खडूची, आणि खडूचीच वाफ.
‘ओला हातमोजा हीटरवर वाळतो
हे पोरांना ठाऊक असतं,’ लेतेब्रहान सांगत होती,
‘बाष्पीभवन तेवढं नसतं.
मधल्या पायऱ्या आपण बांधायच्या.
पगार त्याचाच आहे.’

सगळे हसले.
कॅलमच्या हनुवटीवर पाणी तसंच.
तहान त्याला लागलीच नव्हती.