मागच्या रेषेवर

डिचोलीच्या हॉलमध्ये पंखे बंद ठेवले होते,
वाऱ्याने फूल वाहवतं म्हणून.
एप्रिल महिना, वर तापलेला पत्रा,
खाणीवरचे ट्रक रस्त्याकडेला लावून ड्रायव्हर आलेले,
सगळे शर्टाच्या बाहीला तोंड पुसत
माना डावीकडे, उजवीकडे.

मी मागच्या रेषेवर, लोखंडी खुर्चीत.
दिवसाचे दीडशे रुपये आणि एक पाव-भाजी,
काम एवढंच, एक पांढरी पट्टी बघायची.

अलीकडे आमच्या पाळीची सुलक्षा गावस,
पलीकडे रायची ऑर्लिना मास्कारेन्यस,
डावखुरी, मुकाट, गुडघ्याला पट्टी.
तिसरा गेम. वीस-एकोणीस.
सुलक्षाला एक पॉइंट हवा.

ती रॅली कुणी मोजली छत्तीस, कुणी एकेचाळीस.
जाळ्याला घासून आलेलं उचललं,
कोपऱ्यातलं काढलं, पोटावरचं परतवलं,
बुटांची चीं चीं, आणि मधेच
शेवटच्या बाकावर कुणाच्या तरी बाळाची उचकी.
मग ऑर्लिनाने खालून उंच दिलं.
फूल तुळईपर्यंत गेलं, तिथे
मन बदलल्यासारखं वळलं,
आणि मागे येता येता सुलक्षाने रॅकेट खाली घेतली.
सोडलं.

टप्.

एवढासा आवाज. मॅटवर खूण राहत नाही.
मी दोन्ही हात पसरले. बाहेर.

त्याला सोळा वर्षं झाली.
उमाकांत च्यारी अजून म्हणतो, भितर आशिल्लें,
पट्टीला शिवलेलं, मी बघितलं.
कायतान म्हणतो, तू काय बघतोस, तुझा चष्मा तेव्हा दुरुस्तीला होता!
हॉटेलातलं टेबल म्हणजे कोर्ट, चमच्याचा दांडा ही रेषा,
पावाचा तुकडा हे फूल.
च्यारी तो चमच्याला टेकवतो,
कायतान केसभर मागे सरकवतो,
च्यारी पुन्हा पुढे.
सोनार माणूस, गुंजेत हिशेब करणारा,
"केसभर म्हणजे किती ते मला शिकवू नकोस."
कायतानची पंचवीस वर्षं बोटीवर गेलेली,
"पाण्यात रेषा नसते बाबा, तरी आम्हांला हद्द कळायची."
"तू दारात होतास, विडी ओढत!"
"दारातूनच सरळ दिसतं!"
भाजी गार होते. हॉटेलवाला न मागता चहा आणतो
आणि एकाची बाजू घेतो, रोज वेगळ्या.

मग दोघे माझ्याकडे वळतात.
तू सांग. तू तर तिथेच होतास.

नियमात एक खूण आहे,
दोन्ही तळव्यांनी डोळे झाकायचे.
म्हणजे, मला दिसलं नाही.
कुणी त्याचे पैसे कापत नाही.
पण दोनशे माणसांपुढे डोळे झाकून बसायचं कसं
अठरा वर्षांच्या पोराने,
ज्याची आई सुलक्षाच्या आईशेजारी बसून
फॅक्टरीत काजू सोलते.

पापणीवर घामाचा थेंब आला होता.
की पापणीच मिटली.
की मनच आधी बाहेर म्हणून मोकळं झालं होतं.

ऑर्लिनाने हुज्जत घातली नाही.
रेषेजवळ आली, माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघितलं,
जिथे काही नव्हतं तिथे, बराच वेळ.
मग फूल उचललं,
वाकलेलं पीस बोटांनी सरळ केलं
आणि पट्टीवर उभं करून ठेवलं.

"सांग रे," च्यारी म्हणतो.
मी टेबलावरचं फूल उचलतो,
भाजीत बुडवतो, खातो.
"भायर," मी म्हणतो, भरल्या तोंडाने.

कायतान टेबलावर थाप मारतो.
च्यारी नवा पाव तोडायला घेतो.