पहिला जुळेल तो

आग्नेल मिनेझिस म्हणाला, नियम नाही देणार.
म्हापशाच्या बँकेत त्याच्या फायरवॉलचे
दोन हजार तीनशे नियम,
कोण आत, कोण बाहेर, कुठल्या पोर्टवरून.
"हें म्हजें घर न्हय गो, बँकेचें,"
एवढं म्हणून त्याने चहा संपवला.
"आकार हवा तर ने. नावं नकोत."

म्हणून मी फर्मागुडीच्या लॅबमध्ये बसून
खोटे नियम बनवते.
खोटे पत्ते, जिथे कोणी राहत नाही,
खोटी पोर्टं, ज्यांवर कोणी थाप मारत नाही,
दहा हजार ओळी,
पहाटे पोदेराचा भोंपू वाजेपर्यंत.

पहिल्या खेपेला सगळं फाशांवर सोडलं.
नियम आले मोकळे, शिजलेल्या शितांसारखे,
एकाचा दुसऱ्याला धक्का नाही.
कुठलाही अल्गोरिदम त्यातून शीळ घालत गेला,
पॅकेटमागे चार पावलं, की निकाल.
सर म्हणाले, एवढं सज्जन नेटवर्क
तू पाहिलंस कुठे?

पप्पा एकोणीस वर्षं पत्रादेवीच्या नाक्यावर होते.
टेबल, रजिस्टर, आडवा बांबू.
जेवताना त्यांना विचारलं.
निवृत्तीला सात वर्षं झाली, तरी
माणसाचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही.
पण बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला मांडत
त्यांनी आकार सांगितला:
शंभरातल्या चाळीस मासळीच्या,
त्या सोडायच्या, बर्फ थांबत नाही.
काजूची पोती असली तर उघडायची.
गाडी कुडाळची असली तर नाही.
कुडाळची, रात्रीची आणि ड्रायव्हर नवा, तर होय.
"आणि सगळ्यांच्या वर चिकटवलेला एक कागद,
कुठल्याशा साहेबाच्या लग्नाच्या
मंडपाच्या गाड्या अडवू नयेत. तात्पुरतं.
त्यांचं पोर शाळेत जायला लागलं,
कागद तिथेच."

मग बोटं चाटत म्हणाले,
"वरून वाचत यायचं. पहिला जुळेल तो लागू.
खालचं कितीही बरोबर असो."

त्या रात्री मी फासे बदलले.
काही पत्ते शेवटच्या अंकापर्यंत पुरे,
काही अर्धेच, तिथून पुढे कोणीही,
काही नुसती चांदणी: कुणीही, कुठूनही.
नियमाच्या पोटात नियम,
अपवाद, अपवादाचा अपवाद,
आणि शेकडा तीन मंडपाच्या गाड्या.

निर्णयाचं झाड माजलं.
एकच नियम बेचाळीस पानांवर उगवला,
मेमरी भरली, पंखा घोंघावू लागला,
पॅकेटमागे एकतीस पावलं.
मला इतका आनंद झाला
की गार झालेला पाव तसाच कोरडा खाल्ला.

आग्नेलला आलेख पाठवला.
बराच वेळ काही नाही.
मग एक ओळ:
"हें तुका कोणें दिलें?"

कोणी नाही.

चार हजार एकशे सतरावा नियम:
एक पत्ता, दुसरा पत्ता, एकच पोर्ट, सोडा.
वरच्या सहाशे आठव्याने
त्याच्या वाटेचं सगळं आधीच गिळलंय.
एकही पॅकेट कधी तिथवर पोचणार नाही.
गाळता आला असता. ठेवला.

पप्पा सावंतवाडीला जाताना अजून
पत्रादेवीला स्कूटर हळू करतात.
मागून हॉर्न वाजतात.