तीन बोटं

जतच्या अलीकडं माळावर बिरोबाची जत्रा,
आणि जत्रेत आमचा तंबू.
त्या साली पिक्चर होता जगबुडीचा,
हिंदीत डब केलेला, सात रिळांचा.
पोस्टरवर गोरा पाद्री, मागं काळा सूर्य.
मिरजेच्या पेंटरनं आपल्या मनानं
खाली एक शेषनाग काढून दिला.
गिऱ्हाईकाला ओळखीचं काहीतरी पाहिजे, म्हणाला.

दुपारी भाकणूक झाली.
भंडाऱ्यानं पिवळाधमक मायाप्पा खरात
घुमता घुमता थांबला, आणि बोलला:
जुंधळा म्हाग हुईल.
मेंढीला भाव यील.
सूर्याला फोड यील,
तीन बोटांचा हात त्याला झाकंल.
आणि...
तेवढ्यात ढोल उठले.
पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.

मी तिकिटं फाडायचो तेव्हा, सोळा वर्षांचा.
इलाहीचाचा मुल्ला, आमचा ऑपरेटर,
उजवा पंजा माझ्यापुढं धरून हसला होता:
मोज रं. पाच हाईत.

सात वाजता जनरेटरचा पट्टा सुटला.

भंडाराच दाबला जखमेत, वर धोतराची चिंधी.
मालक म्हणाला, शो बंद करू.
चाचा म्हणाला, चारशे तिकिटं गेल्यात, लाव.

पाचवं रीळ.
पाद्री पोथी उघडून म्हणतो, समय आ गया.
पडद्यावरचा सूर्य थरथरला, अडकला,
आणि मधोमध तपकिरी फोड आला त्याला.
फुगला. फुटला. कडा जळत पसरत गेल्या.
लोकांना वाटलं, हे पिक्चरमध्येच आहे.
कनातीच्या बायकांकडून एक पोर रडलं, तेवढंच.
मला ठाऊक होतं फिल्म जळतेय,
पण माझे पाय वाळूत रुतले ते रुतलेच.

मग हात आला.
आभाळाएवढा, काळा,
मनगटाशी चिंधी लोंबणारा.
तीन बोटं.
त्यानं सगळं झाकलं.

चारशे माणसं उठली नाहीत, ओरडली नाहीत.
कुणीतरी चपला काढल्या,
मग सगळ्यांनीच काढल्या.
पहिल्या ओळीत मायाप्पा बसला होता,
आयुष्यातला पहिला पिक्चर बघायला.
तो मागं वळला. पडद्याकडं नाही,
प्रोजेक्टरच्या भोकाकडं बघत राहिला,
भ्यालेला.

पैसे कुणी परत मागितले नाहीत.

चाचा गेला, तंबू गेला.
मायाप्पाला मी दोनदा विचारलं, ढोलाआधी काय म्हणालास?
म्हणाला, बोलतो ते मी न्हवं, मला काय ठावं.
सातवं रीळ कधी लागलंच नाही,
त्या माळावर जग अजून संपायचं आहे.
डबा माझ्या घरी आहे.
बायको त्यात शेंगदाणे ठेवते.
झाकण घट्ट बसतं म्हणते,
काढताना दोन हात लागतात.

मी काढायला जात नाही.