उंबऱ्याची उंची

सेमारांगच्या उत्तर टोकाला, जिथे समुद्र
दुपारी चारनंतर चपला न काढता घरात शिरतो,
तिथे महापालिकेने मला एक पाटी देऊन पाठवलं.
काचेची. आत आवाज बसवलेला.
"लोकांना बोलू दे तिच्याशी," साहेब म्हणाले,
"वस्तीचा आराखडा वस्तीनेच सांगायचा, असं ठरलंय."
कुणी ठरवलं, ते म्हणाले नाहीत.

पहिल्या दिवशी पोरंच आली.
तिला कोंबडीचा आवाज काढायला लावला,
मग फुटबॉलचं मैदान मागितलं, मग दोन.
तिने दोन्ही दिली.
बाकिर मास्तरांनी पूल मागितला, पूल मिळाला.
मशिदीच्या पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्यांनी नुसती सावली मागितली.
संध्याकाळपर्यंत त्या चिखलावर
अख्खं हिरवं शहर उगवलं होतं :
खारफुटी, बाकं, सायकलींची वाट
आणि वाटेवरून चालणारी उंच, इस्त्री केलेली माणसं,
ज्यांच्यातलं एकही
तिथलं नव्हतं.

इबू वागियेम सगळ्यात शेवटी आल्या, ओले हात कमरेला पुसत.
चित्र बघितलं. "माझं घर?"
मी बोट ठेवलं. तिथे तळं होतं,
तळ्यात दोन बगळे.
"बगळे बरे आहेत. मासळी कुठे वाळवू?"
पाटी म्हणाली, फार चांगला मुद्दा आहे,
आणि पापणी लवायच्या आत वाळवणाचा ओटा काढून दिला.
"आणि वारा?"
वाराही दिला, निळ्या बाणांचा.
इबू माझ्याकडे वळल्या :
"ही लगेच हो म्हणते गं.
माझा धाकटा दीर असाच होता,
हो हो म्हणत होडी विकून बसला."

दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत.
तिसऱ्या दिवशी मीच पाटी घेऊन त्यांच्या दारात.

आत जायला कमरेत वाकावं लागतं.
तीनदा भराव घातला, तीनदा जमीन वर आली,
छप्पर होतं तिथेच.
खिडकी आता पोटरीला लागते.
चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, पोरांच्या उंचीच्या.
अगदी खालची, फरशीला जवळजवळ टेकलेली : विरान्ती, वय तीन.
"पहिल्या वाढदिवसाची होती, दुसऱ्याची होती,"
इबूंनी टाचेने फरशी ठोकली,
"त्या इथे आहेत."

मी पाटीला विचारलं, ही गल्ली वर्षाला किती खचते?
तिने आकडा सांगितला. उपग्रहाचा, दशांशासकट.
इबूंनी चौकटीला वीत लावली,
एक, दोन, मग चार बोटं, ओठांत काही पुटपुटल्या.
"खोटं."
पाटी जराशी थांबली.
(थांबावं असंच बनवलंय तिला, मला ठाऊक आहे.)
मग म्हणाली, या गल्लीची वेगळी नोंद माझ्याकडे नाही.
शेजारच्या चार ठिकाणांवरून अंदाज बांधला होता.
इथलं मला माहीत नाही.

इबू हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा.
प्लास्टिकची खुर्ची ओढली, फडक्याने पुसली,
"हं. आता बस."
मला नाही, तिला.
आणि सांगत सुटल्या :
कुठल्या साली कुठल्या पायरीपर्यंत पाणी,
पहिला भराव मातीचा, दुसरा शिंपल्यांचा,
तिसरा लेकीच्या कानातल्यांचा,
विहीर खारट कधी झाली,
आणि भिंतीपलीकडचा कारखाना रात्री
जमिनीतलं पाणी ओढायला लागला की
मांडणीवरची भांडी कशी किणकिणतात.

कारखान्याचं नाव आराखड्यात कुठेच नव्हतं.
आता आहे. शेऱ्यांच्या रकान्यात मीच लिहिलं,
अक्षर जरा गिचमिड आलं,
उद्या कुणी खोडलं तर खोडलं.

पाणी चढायच्या आत निघाले.
दारातून बाहेर पडताना वाकले,
आणि छातीशी धरलेली पाटीही
माझ्याबरोबर वाकली.