काठीभर अंतर

बुरुड आळीत काठी घेतली
तेव्हा दुकानदार म्हणाला, पडद्यासाठी का?
मी म्हटलं, हो.

पिग्मीची बॅग खांद्याला,
दत्तवाडी ते पर्वती दर्शन, बारा वर्षं
सुट्टे पैसे मोजत आले, आणि नजरा.
एकदा बॅग गेली. पट्टा तुटल्याचा आवाज आला,
माझा नाही आला.

थोपटेबाई शाळेच्या मैदानावर शिकवतात,
पहाटे साडेपाचला, नळाला पाणी यायच्या आत.
पहिला महिना नुसते पाय.
"हात काय, भाकरी थापतानाही चालतात.
पवित्रा पायात असतो, बाई."
मग शिर, तमाचा, बाहेरा.
दोनदा माझीच काठी माझ्या कानशिलात बसली.
घरी सांगितलं, कपाटाचं दार लागलं.
हे वाक्य खरं तर शेजारच्या संजीवनीचं.
ती ते वेगळ्या कारणाने म्हणते.

परवा पुलाखाली एक जण फार जवळ आला.
काठी घरी, पलंगाखाली.
उजवा पाय आपसूक मागे सरकला,
खांदा वळला, बॅग पाठीशी गेली,
आणि "ए!" एवढंच, पण बेंबीच्या देठापासून.
थांबला तो. बरोब्बर काठीभर लांब.
वळून गेला तेव्हा
माझे गुडघे लटपटत होते, तेही सांगते.

संजीवनीला हे सगळं जिन्यात सांगितलं.
ती काही बोलली नाही,
फक्त विचारलं, किती वाजता?

गुरुवारपासून येते.
थोपटेबाई तिच्या डोळ्याखाली बघतात,
विचारत नाहीत,
काठी तिच्या कानाला लावून
माप घेतात.