पाणी कुठवर आलंय

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
तिकिटांच्या शीटांतल्या चुका शोधल्या.
सरकलेला रंग, दात तुटलेली कड,
एखाद्या देशभक्ताच्या कपाळावर शाईचा ठिपका.
एका शीटवर तोच चेहरा पन्नास वेळा
आणि मी प्रत्येकाकडे संशयाने बघायचे.
त्यामुळे असेल,
पुढारी म्हटलं की मला अजून
पाठीला डिंक लावलेला माणूस दिसतो.
कुणीतरी जीभ लावल्याशिवाय
तो कुठेच चिकटत नाही.

हे मी मोरेश्वरला ऐकवलं
आईच्या वर्षश्राद्धाला, पंगत उठायच्या आत.
त्याने खिरीची वाटी बाजूला सरकवली.
म्हणाला, तुला चुकाच दिसतात.
कुंभमेळ्यात चुका, देवळात चुका,
आमच्या माणसात तर आधी.
आमच्या.
तो शब्द आजवर त्याच्या तोंडून
मी फक्त घराबद्दल ऐकला होता.

मग दीड वर्ष
जेलरोड ते गंगापूररोड कुणी गेलं नाही.
वहिनी लोणचं पाठवायची.
बरणी मी धुऊन परत पाठवायचे,
रिकामी नाही, चिमूटभर साखर टाकून.
तेवढं राजकारण मलाही येतं.

अण्णा देव मानत नव्हते.
देव्हाऱ्याच्या कोनाड्यात त्यांनी रेडिओ ठेवला होता
आणि आई रेडिओलाच हळदकुंकू वाहायची.
पण गंगापूर धरणातून पाणी सोडलं
की आम्हाला सायकलवर घेऊन होळकर पुलावर,
मी दांडीवर, मोऱ्या कॅरिअरवर.
बघा, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं.
आता कमर.
संध्याकाळी छाती.
मी विचारलं, तुम्ही तर मानत नाही?
म्हणाले, देव नाही मानत. माप मानतो.
त्या दिवशी मोऱ्याने हात जोडले
आणि मी आकडा लक्षात ठेवला.
आमची फाटाफूट बहुधा तिथलीच,
एकाच सायकलवरची.

मीही काही फार स्वच्छ नाही.
गाठीचा रिपोर्ट यायचा होता त्या दुपारी
मुक्तिधामच्या पायरीशी उभी राहिले,
आत गेले नाही.
पण चप्पल काढली होती.
हे मोरेश्वरला सांगितलेलं नाही.
सांगितलं तर तो जिंकेल.

परवा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही.
"कमरेच्या वर गेलंय."
म्हटलं, "निघते."

पुलावर पोलिसांनी दोर बांधलेला,
दोरापलीकडे मोबाइल धरलेले शे-दोनशे हात,
कणसं भाजणाऱ्याचा धूर.
खाली गढूळ पाण्यात तो शेंदरी, एकटा,
एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे
एक जाणाऱ्या.
दुतोंडी ही आपल्याकडे शिवी आहे.
मला मात्र वाटलं,
बिचाऱ्याला पाठच नाही.
डिंक लावणार कुठे?

मोरेश्वर शेजारी येऊन उभा राहिला.
केस पातळ झालेत, अण्णांसारखे मागून.
माझ्या हातात वहिनीची बरणी होती,
ती त्याने न विचारता घेतली.
घाईत मी साखर विसरले होते.
त्याने बरणी कानाशी हलवून पाहिली,
बोलला नाही.

"रात्रीपर्यंत छातीला लागेल."
"नाही लागणार. विसर्ग कमी केलाय."
"तुला कुणी सांगितलं?"
"आकडे येतात."
थोडा वेळ बरा गेला.
मग घसा खाकरून,
"तुमच्या लोकांनी या नदीचं जे काही..."
म्हटलं, मोऱ्या,
पाणी बघ.

तो बघायला लागला.
बरणी काखेत, घट्ट.